ज्युदो खेळणारी मुले : काटा, टेप आणि आपण पालक

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गणेशोत्सवातले व्याख्यान म्हटले की संतसाहित्य, इतिहास, आरोग्य किंवा गुंतवणूक असे विषय ठरलेले असतात. मी जेव्हा कार्यवाहांना फोनवर सांगितले की मला ‘ज्युदो खेळणाऱ्या मुलांची शारीरिक मापे’ या विषयावर बोलायचे आहे, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, “बोला, बोला. आरतीपर्यंत वेळ आहे.” त्यांच्या या औदार्याबद्दल मी आधीच आभार मानून ठेवतो.

पण खरे सांगायचे तर हा विषय गणेशोत्सवाला परका नाही. पुण्यातला मानाचा तिसरा गणपती कोणता, तर गुरुजी तालीम. कोल्हापुरात तर पेठेपेठेतल्या तालमीच गणपती बसवतात. सार्वजनिक उत्सवाला ज्यांनी आकार दिला त्या लोकमान्यांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले आणि त्यापायी परीक्षा मागे पडली तरी पर्वा केली नाही, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेव्हा बाप्पासमोर शरीराबद्दल बोलणे ही जुनीच रीत आहे. आणि आपला बाप्पा स्वतः लंबोदर. त्याला वजनकाट्यावर उभे करण्याचे धाडस अजून कुणी केलेले नाही!

मी गेली काही वर्षे ज्युदो शिकणाऱ्या मुलामुलींची मापे घेण्याचे काम करतो. आपल्या बंगळूरमध्ये खेळाला वातावरण चांगले आहे. म्हैसूर रोडवर विद्यापीठाच्या परिसरात स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाचे दक्षिण केंद्र आहे. बल्लारी जिल्ह्यात विजयनगर येथे २०१८ पासून इन्स्पायर इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट ही संस्था आहे आणि तिथे ज्युदो शिकवतात. शिवाय आता मोठमोठ्या सोसायट्यांच्या क्लब हाउसमध्येही संध्याकाळी निळ्या-पांढऱ्या पोशाखातली मुले दिसतात. त्यांचे आईवडील मला एकच प्रश्न विचारतात: “सर, याचे दोन किलो कमी केले तर खालच्या गटात बसेल ना?” आजचे सगळे व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

वजनी गट आले कुठून?

ज्युदोचे जनक जिगोरो कानो. १८८२ मध्ये टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात त्यांनी कोदोकान ही संस्था सुरू केली. कानो स्वतः अंगाने लहानखुरे होते. दांडगट मुलांचा त्रास होऊ नये म्हणून ते जुजुत्सू शिकले आणि त्यातून त्यांनी ज्युदो घडवला. कमीत कमी शक्तीत जास्तीत जास्त परिणाम, हे त्यांचे सूत्र. समोरच्याचे वजन त्याच्याच विरुद्ध वापरायचे, मग वजन मोजायचे कशाला, असा जुन्या मंडळींचा भाव होता. आपल्याकडेही ज्युदो तसा जुना आहे. रवींद्रनाथ टागोरांनी १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावून घेतले होते.

१९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा ज्युदो आला, तेव्हा ६८ किलोंपर्यंत, ८० किलोंपर्यंत आणि ८० च्या वर असे तीनच गट होते. चौथा गट सर्वांसाठी खुला. तीन वजनी गटांची सुवर्णपदके जपानने घेतली. खुल्या गटात मात्र अँटोन गीसिंक या हॉलंडच्या धिप्पाड खेळाडूने जपानच्या अकिओ कामिनागा यांना निप्पॉन बुदोकानमध्ये, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर हरवले. गीसिंक यांची उंची होती १९८ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेसहा फूट. तंत्र सारखेच असेल तर आकारमान बोलते, हे त्या दिवशी जगाला दिसले. पुढे गट वाढत गेले. १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये महिलांचा ज्युदो पदकांसाठी खेळला जाऊ लागला. आज ज्येष्ठ पुरुषांचे सात आणि महिलांचे सात गट आहेत.

आपल्या मुलांचा संबंध येतो तो कॅडेट गटाशी, म्हणजे अठरा वर्षांखालील. मुलांचे गट असे आहेत: ५०, ५५, ६०, ६६, ७३, ८१, ९० आणि ९० च्या वर. मुलींचे असे: ४०, ४४, ४८, ५२, ५७, ६३, ७० आणि ७० च्या वर. या आकड्यांत एक हिशेब दडलेला आहे. ५० वरून ५५ म्हणजे दहा टक्के वाढ. ८१ वरून ९० म्हणजे अकरा टक्के. मुलींत ४० वरून ४४, पुन्हा दहा टक्के. म्हणजे किलोंतले अंतर वाढत जाते, पण टक्केवारी साधारण तीच राहते. समोरचा आपल्यापेक्षा फार तर दहा टक्क्यांनी जड असावा, एवढाच या गटांचा हेतू आहे. मुलांचे रक्षण व्हावे म्हणून गट केले. त्याच गटांपायी मुलांना उपाशी ठेवायची वेळ आली, तर मूळ हेतूच उलटला की नाही?

काट्याला काय कळत नाही

वजनकाटा एकच आकडा सांगतो. त्या आकड्यात हाड किती, स्नायू किती, चरबी किती, पाणी किती, सकाळी खाल्लेले पोहे किती, हे त्याला कळत नाही.

आपल्या मराठी माणसांना याचे एक घरचे उदाहरण सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण आतली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरसाहेबांची २१.२ टक्के! वजन आणि उंची यांचे प्रमाण तेच, पण शरीर वेगळे. भारतीय माणूस बारीक दिसतो, पण आतून चरबी बाळगतो, हा त्यांच्या कामाचा गाभा. याला त्यांनी ‘थिन-फॅट’ भारतीय म्हटले, आणि ही गोष्ट जन्मापासूनच सुरू होते हे पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांच्या अभ्यासातून दाखवले.

आता ही गोष्ट ज्युदोच्या मॅटवर आणा. समजा तेरा वर्षांची दोन मुले आहेत, दोघेही ४५ किलोंचे. एकाची उंची १४८ सेंटिमीटर, खांदे रुंद, मनगट जाड, ओठांवर मिसरूड फुटू लागलेली. दुसऱ्याची उंची १६२, हातपाय काटकुळे, बूट दर चार महिन्यांनी बदलावे लागतात. काट्याच्या दृष्टीने दोघे सारखे. प्रत्यक्षात पहिल्याची वाढ बरीच झालेली आहे आणि दुसऱ्याची ऐन भरात आहे. दुसऱ्याला “दोन किलो कमी कर” म्हणणे म्हणजे चुलीवर भात शिजत असताना खालचे लाकूड ओढून घेणे.

मापे कोणती आणि ती काय सांगतात

मग काट्याबरोबर आणखी काय मोजायचे? आमच्या पेटीत फार भारी वस्तू नसतात. उंची मोजण्याची पट्टी, बसून उंची घेण्यासाठी एक स्टूल, पातळ धातूचा न ताणणारा टेप, हाडांची रुंदी मोजायचा एक सरकता कॅलिपर आणि त्वचेची घडी मोजायचा दुसरा कॅलिपर. शिंप्याकडचा कापडी टेप चालत नाही, तो वापरून वापरून लांबतो.

पहिले माप उभ्याची उंची. ती नेहमी एकाच वेळी घ्यावी, शक्यतो सकाळी. दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबून माणूस एखादा सेंटिमीटर बुटका होतो. दुसरे माप बसून उंची, म्हणजे स्टुलावर ताठ बसवून बैठकीपासून डोक्यापर्यंत. उभ्याच्या उंचीतून हे वजा केले की पायांची लांबी कळते. तिसरे, दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचे अंतर. ज्युदोत पकड महत्त्वाची, त्यामुळे लांब हातांच्या मुलाला समोरच्याची कॉलर लवकर मिळते.

मग घेर: दंड सैल सोडून आणि आवळून, कोपराखालचा हात, छाती, कंबर, मांडी, पोटरी. ज्युदोगीचे जाड कापड तासन् तास ओढून ज्युदोपटूचा कोपराखालचा हात भरतो, आणि पकडीच्या बाजूचा हात थोडा जास्तच. हाडांची रुंदी कोपरापाशी आणि गुडघ्यापाशी घेतात. हाड रुंद असेल तर पुढे त्यावर स्नायू चढायला जागा आहे असे समजावे.

सर्वांत उपयोगाचे आणि सर्वांत नाजूक माप म्हणजे त्वचेची घडी. दंडाच्या मागे, पाठीवर फऱ्याखाली, कमरेच्या हाडाच्या वर, पोटरीवर अशा ठरलेल्या जागी चिमटीत त्वचा धरायची आणि तिची जाडी मिलिमीटरमध्ये वाचायची. त्वचेखालच्या चरबीचा तो अंदाज असतो. हे काम शिकूनच करावे लागते. बोट जरा इकडे तिकडे झाले की आकडा बदलतो. म्हणून प्रत्येक माप किमान दोनदा घ्यायचे, आणि शक्यतो दर वेळी त्याच माणसाने. या मापांसाठी १९८६ पासून एक आंतरराष्ट्रीय संघटना काम करते आणि मोजणाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण देते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. मुलींची मापे बाईनेच घ्यावीत, आई किंवा दुसरी मोठी बाई समोर असावी, आणि मुलीला आधी विचारावे. आणि कुणाचाही आकडा मोठ्याने वाचू नये. चौदा वर्षांच्या मुलीच्या पोटावरची घडी सगळ्या वर्गासमोर जाहीर करणे हा विज्ञानाचा भाग नव्हे.

ही मापे एकत्र करून शरीराचा साचा तीन आकड्यांत मांडायची एक पद्धत आहे. शेल्डन यांनी १९४० मध्ये तिची सुरुवात केली आणि हीथ व कार्टर यांनी १९६७ मध्ये ती मापांवर बसवली. पहिला आकडा गोलाईचा, दुसरा स्नायू आणि हाडांच्या घट्टपणाचा, तिसरा शेलाटेपणाचा. मॅरेथॉन धावणाऱ्यात तिसरा आकडा वर असतो. ज्युदोपटूंत जवळजवळ सगळ्या गटांत दुसरा आकडा मोठा असतो, मग तो जपानचा असो की मणिपूरचा.

हलक्यापासून जड गटापर्यंत

हलक्या गटांकडून जड गटांकडे जाताना काय बदलते? उंची वाढते, पण वजनाच्या मानाने कमी. घेर जास्त वाढतात, विशेषतः छाती, दंड आणि मांडी. म्हणजे मुले वर जाण्यापेक्षा आडवी जास्त भरतात. हलक्या गटातल्या मुलांत त्वचेच्या घड्या पातळ असतात, मधल्या गटांत थोड्या वाढतात आणि सर्वांत वरच्या, म्हणजे ‘९० च्या वर’ किंवा ‘७० च्या वर’ अशा गटात एकदम जाड होतात. कारण सोपे आहे. त्या गटाला वरची मर्यादाच नाही, त्यामुळे चरबी वाढली तरी कुणी विचारत नाही. शेलाटेपणाचा आकडा जड गटाकडे जाताना उतरत जातो. मात्र हातापायांची धडाशी असलेली प्रमाणे फारशी बदलत नाहीत. ती निसर्गाने दिलेली असतात, कोणताही आहार ती बदलत नाही.

आणि हीच प्रमाणे मुलाने कोणता डाव पक्का करावा हे सुचवतात. ठेंगण्या, भरीव मुलाला समोरच्याच्या कुशीखाली शिरून खांद्यावरून फेकायचा सेओई-नागे सोपा जातो. उंच, लांब पायांच्या मुलाला आतून मांडी उडवायचा उची-माता किंवा मागून पाय कापायचा ओसोतो-गारी जमतो. अपवाद असतातच. पण मुलाला खालच्या गटात कोंबण्याऐवजी त्याच्या शरीराला शोभेल असा डाव शिकवणे, यात मापांचा खरा उपयोग आहे.

वाढ थांबत नाही

आता पालकांनी सर्वांत लक्षपूर्वक ऐकायचा भाग. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. कुणाचे वर्ष-दोन वर्षे पुढे, कुणाचे मागे. त्या एका वर्षात मुलगा आठ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो. आधी पावले आणि हात, मग पाय, शेवटी धड. वजनाची मोठी वाढ उंचीच्या नंतर काही महिन्यांनी येते आणि ताकद त्याच्याही मागून. वजन त्या वर्षात सहा ते नऊ किलो वाढणे अगदी स्वाभाविक आहे.

मघाचे गट आठवा. मुलांच्या खालच्या गटांत पाच किलोंचे अंतर. म्हणजे निरोगी मुलगा वाढीच्या वर्षात एक गट, कधी दोन गट वर जाणारच. जायलाच हवा. तो गेल्या वर्षीच्याच गटात राहिला आणि पालकांना त्याचा आनंद झाला, तर मला काळजी वाटते.

बसून घेतलेली उंची, पायांची लांबी, वय आणि वजन यांवरून वाढीचा वेगाचा काळ किती जवळ आहे याचा अंदाज बांधायचे एक सूत्र कॅनडातल्या संशोधकांनी २००२ मध्ये दिले. ते अचूक नाही, पण मुलगा शिडीच्या कोणत्या पायरीवर आहे एवढे कळते. शिवाय आपल्या मुलांची तुलना आपल्याच मुलांशी करावी. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी वाढीचे सुधारित तक्ते काढले. त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे ते तक्ते असतात.

मुलींबद्दल दोन शब्द. वयात येताना मुलीच्या अंगावर चरबी वाढते, ती निसर्गाची तरतूद आहे, आळस नव्हे. सराव जास्त आणि खाणे कमी झाले की पाळी लांबते किंवा थांबते. काही प्रशिक्षक हे मेहनतीचे लक्षण समजतात. ती धोक्याची घंटा आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला वेगळे नाव देऊन तिच्याविरुद्ध इशारा दिला आहे. आयुष्यभर पुरायचे हाड याच वयात भरते. विशीपर्यंत जे साठले नाही, ते पन्नाशीत फ्रॅक्चरच्या रूपाने वसूल होते.

वजन उतरवण्याचे अघोरी प्रकार

स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांत काय काय चालते ते मी पाहिले आहे. पाणी बंद. अंगावर प्लॅस्टिकचे जर्किन घालून धावणे. लाळ थुंकत राहणे. कधी जुलाबाच्या गोळ्या. यातून चरबी जात नाही, जाते ते पाणी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, इतका सरळ हिशेब आहे. ४० किलोंच्या मुलीचे दोन किलो पाणी गेले म्हणजे शरीराच्या वजनाचे पाच टक्के गेले. दोन टक्के पाणी गेले तरी दमछाक लवकर होते आणि लक्ष उडते. अशी मुलगी मॅटवर पडताना हात वेळेवर आपटू शकत नाही.

हे प्रकार जीवावरही बेततात. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत वजन उतरवत असताना कोरियाचा एक ज्युदोपटू मृत्यू पावला. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजातले तीन कुस्तीगीर याच कारणाने गेले. त्यानंतर अमेरिकेने जे केले ते मापांच्या बळावर केले. हंगामाच्या सुरुवातीला, शरीरात पुरेसे पाणी आहे हे लघवी तपासून बघायचे. मग चरबी मोजायची. त्यावरून त्या खेळाडूचे सर्वांत कमी सुरक्षित वजन ठरवायचे, आणि त्याखालच्या गटात त्याला उतरूच द्यायचे नाही. तिथल्या शाळांत मुलांसाठी ७ टक्के आणि मुलींसाठी १२ टक्के चरबी ही खालची मर्यादा आहे, आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरवायला मनाई आहे.

हिशेब करून पाहू. ६० किलोंचा मुलगा, चरबी १५ टक्के, म्हणजे ९ किलो. उरलेले ५१ किलो हाड, स्नायू, पाणी वगैरे. ७ टक्के चरबी धरली तर त्याचे कमीत कमी वजन येते साधारण ५५ किलो. म्हणजे ५५ हा अगदी कडेचा गट, आणि तिथे पोचायलाही सहा आठवडे लागतील. ५० चा विचारही करायचा नाही. आणि हे झाले वाढ जवळपास पूर्ण झालेल्या मुलाचे. वाढत्या वयात मी ५५ सुद्धा सुचवणार नाही. आपली मुले सडपातळ दिसूनही चरबी बाळगतात, आणि परदेशी मुलांवरून काढलेली सूत्रे आपल्याकडे चुकू शकतात, त्यामुळे टक्केवारीवर फार विसंबू नये. घड्यांची मिलिमीटरमधली बेरीज दर तीन महिन्यांनी तशीच लिहून ठेवावी. तीच जास्त खरे बोलते.

ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही थोडी शिस्त आणली आहे. वजन आदल्या दिवशी घेतात आणि स्पर्धेच्या सकाळी काही खेळाडूंची अचानक पुन्हा तपासणी करतात. गटाच्या मर्यादेपेक्षा ते पाच टक्क्यांहून जास्त भरले तर खेळता येत नाही. म्हणजे रात्रीतून पाच किलो पाणी भरून काढायची सोय उरलेली नाही.

आपलीच माणसे

पॅरिस ऑलिंपिक आपण सगळ्यांनी पाहिले. ७ ऑगस्ट २०२४. विनेश फोगाट कुस्तीच्या अंतिम फेरीत पोचलेली, आणि सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त. अर्धा कप चहा. आदल्या ऑलिंपिकमध्ये ती ५३ किलोंत खेळली होती, पॅरिसला ५० किलोंत उतरावे लागले होते. ती मोठी, अनुभवी खेळाडू, तिच्यामागे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांचा ताफा. तरी शरीराने ऐकले नाही. मग तेरा वर्षांच्या आपल्या पोराकडून आपण कसली अपेक्षा करतो?

उलट उदाहरणेही आहेत, आणि ती सांगायला मला जास्त आवडते. मणिपूरची लिंथोई चनंबम. विजयनगरच्या संस्थेत घडलेली ही मुलगी २०२२ मध्ये साराजेव्हो येथे कॅडेट गटाची जगज्जेती झाली, ५७ किलो गटात. ज्युदोच्या कोणत्याही वयोगटात भारताला मिळालेले ते पहिले जागतिक सुवर्ण. पुढे २०२५ मध्ये लिमा येथे ज्युनिअर जागतिक स्पर्धेत तिने कांस्य मिळवले, ते ६३ किलो गटात. शरीर वाढले, गट वाढला, पदक आले.

दुसरे नाव आपल्या जवळचे. बेळगावजवळच्या तुरमुरी गावची मलप्रभा जाधव. बेळगावच्या सरकारी क्रीडा वसतिगृहात ज्युदो शिकली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या ज्युदोच्या भावंडासारख्या खेळात ५२ किलो गटात तिने कांस्य आणले. शेतकऱ्याच्या घरची पोर, मराठी बोलणाऱ्या मुलखातली. आपण इथे बंगळूरात सोयींची तक्रार करतो, तेव्हा तिची आठवण ठेवावी.

आणि तिसरे नाव खाशाबा जाधवांचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ मध्ये लंडनला ५२ किलो गटात लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते उतरले ५७ किलो गटात, आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. एक गट वर जाऊन! कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्या प्रवासासाठी स्वतःचे घर गहाण टाकले, हे आपल्याला ठाऊक आहे. गुरू कसा असावा हे त्यावरून कळते. शिष्यासाठी त्यांनी आपले घर पणाला लावले. शिष्याची भाकरी काढून घेतली नाही.

घरी काय कराल?

शेवटी थोडक्यात. एक वही करा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, भिंतीला टेकवून मुलाची उंची लिहा, स्टुलावर बसवून बसून-उंची लिहा, आणि वजन लिहा. त्वचेच्या घडीचे माप घरी घेऊ नका, ते तीन महिन्यांतून एकदा शिकलेल्या माणसाकडून घ्या. उंची वाढत असताना वजन थांबले किंवा उतरले, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, प्रशिक्षकाकडे नंतर. स्पर्धेचा अर्ज भरताना गेल्या वर्षीचा गट लिहू नका, वहीत बघून लिहा. मूल दोन गटांच्या सीमेवर असेल तर वरचा गट लिहा. वरच्या गटात ते एखादी कुस्ती हरेल, पण जेवून हरेल, आणि पुढच्या वर्षी त्याच गटात सरस ठरेल. आणि कुणी “दोन किलो फक्त” म्हणाले, तर त्या दोन किलोंत काय काय जाणार आहे ते विचारा.

या उत्सवात आपल्या मंडळाच्या मुलांची धावण्याची, संगीत खुर्चीची, चित्रकलेची बक्षिसे असतात. माझी कार्यकारिणीला एक विनंती आहे. पुढच्या वर्षी एका सकाळी मंडळाच्या सभागृहात मुलांच्या मापांचे शिबिर ठेवा. टेप आणि कॅलिपर मी आणीन, मुलींसाठी शिकलेल्या भगिनींना मी बोलावीन. बक्षीस कुणालाही नको. प्रत्येक मुलाला त्याची वही द्यायची आणि मोदक द्यायचा. वजन करून झाल्यावर नाही, आधीच!

आरतीची वेळ झाली आहे आणि मोदकांचा वासही येतो आहे. 

गणपती बाप्पा मोरया!